मोकळी केबल

बहात्तर साली धुडकूभाऊ वारला. त्याचा डिझेल ट्रक पलसाण्याच्या एका शेठने घेतला आणि इंजिनाचे फेरे दाखवणारं मीटर बसवायला माझ्या गॅरेजात आणून लावला.

धुडकूभाऊ सुरत हायवेच्या वळणावरच दोनदा रेस द्यायचा, की मी चहा ठेवायचो. तो गेल्यापासून इथे कोणी बसायला येत नाही.

केबिनमध्ये बसून मी मीटर आवळलं. इंजिन बंद होतं. केबलचं वरचं टोक मीटरला, इंजिनाला जोडायचं खालचं अजून माझ्या मुठीत.

काटा दोनदा उसळला.

खरं सांगतो, भीती नाही, बरं वाटलं. “आलास का, भाऊ? थांब, चहा ठेवतो.”

उतरायला दार ढकललं. दार उघडेना. मुठीतली तार फिरू लागली आणि काटा चढत गेला, गाडी निघताना चढतो तसा.