तोंड बांधलेली बाई

"हा स्कार्फ नाही, मुखवटा आहे," अनिरुद्ध म्हणाला, आणि प्रदर्शनाच्या दालनातली पंधरा-वीस माणसं माना डोलावू लागली. मागे उभ्या असलेल्या त्याच्या बायकोला, हेमाला, हसू आवरेना. ऊन आणि धूर चुकवायला पुण्यातल्या समस्त बायका तोंड बांधून गाडी चालवतात. ह्याला त्यात जागतिकीकरण दिसलं.

भिंतभर मोठा केलेला हा त्याचा लाडका फोटो. अलका चौकात सगळी रहदारी पळतेय आणि बंद पडलेल्या स्कूटरजवळ तोंड बांधलेली एक बाई कानाला मोबाईल लावून उभी. ह्या एका फोटोच्या जिवावर साहेब हिंजवडीची नोकरी सोडून कलावंत होणार होते. स्टुडिओ थाटायचा होता तो हेमाच्या बाबांच्या शनिवार पेठेतल्या दोन खोल्यांत. किल्ली तिने आज सगळ्यांसमोर त्याला द्यायची, असं ठरलं होतं. म्हणजे त्यानेच ठरवलं होतं. ती किल्ली आत्ता तिच्या मुठीत होती.

बाबा गेल्यापासून तिने त्या खोल्या उघडल्या नव्हत्या. त्या दिवशी ती दवाखान्यात पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. अनिरुद्ध आलाच नाही. मीटिंग होती. कंपनीतल्या माणसाला असं मधेच उठता येत नाही, हे नातेवाइकांना हेमानेच समजावलं होतं.

"आणि ही हँडलला लटकलेली पिशवी पाहा," अनिरुद्ध रंगात आला होता. "परंपरेचं ओझं. टाकवत नाही, पेलवत नाही."

काय ती अक्कल, असं मनात म्हणत हेमाने पहिल्यांदाच फोटो नीट पाहिला. घरी तिने तो कंप्युटरवर, पोळ्या करता करता, ओझरताच पाहिला होता. चौकड्यांची पिशवी. जुन्या अभ्र्याची, तिनेच शिवलेली, बाबांच्या डब्याची. अनिरुद्धने ती कधी हातात धरली असती तर ओळखली असती. स्कूटर शेजारच्या शालूची, त्या दिवसापुरती मागून आणलेली.

"एक गंमत सांगतो," अनिरुद्ध म्हणाला. "मी रस्त्यापलीकडे कॅमेरा लावून उभा, आणि नेमका बायकोचा फोन. 'मीटिंगमध्ये आहे' म्हणून कापला आणि लगेच बटण दाबलं. नाहीतर ही फ्रेम गेलीच होती."

माणसं मनापासून हसली. तो दिवस कुठला, तो फोन कसला, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"पण ही बाई फोनवर बोलत कुणाशी असेल हो?" पुढच्या एका आजोबांनी विचारलं.

"शून्याशी," अनिरुद्ध डोळे मिटून म्हणाला. "पलीकडे कुणीच नाही."

हेमाने मुठीतली किल्ली पर्समध्ये टाकली आणि चेन लावली.

"हे मात्र खरं," ती म्हणाली. "बाबांना आयसीयूत नेलंय, एवढंच सांगायचं होतं मला."