वाकलेला शाफ्ट

"आत कुणी थांबायचं नाही," असे म्हणत हिंदुराव मिस्त्रींनी लेथच्या खोलीचे दार लोटले आणि हाडांचे डॉक्टर मिराशी बाहेरच्या बाकावर बसले. सकाळच्या सरावात त्यांचे मॉडेल विमान नाकावर आपटून मोटरचा शाफ्ट वाकला होता. स्पर्धा दुपारी चारला होती.

दर पाच मिनिटांनी डॉक्टर दार किलकिले करीत. "मिस्त्री, वाचेल ना?"

"जुना काढलाय. नवा बसला की सांगतो. सारखं विचारू नगा."

गेल्या वर्षी याच मिस्त्रींच्या मांडीत डॉक्टरांनी सळी घातली होती. तेव्हा मिस्त्रींची बायको अशीच दाराशी घुटमळत होती आणि आपण तिच्यावर खेकसलो होतो, हे त्यांना आता आठवले.

अखेर मिस्त्री हात पुसत बाहेर आले. चेहऱ्यावरून काहीच कळेना.

"शाफ्ट झकास बसलाय. पण सहा आठवडे भार द्यायचा नाही."

"अहो, स्पर्धा आजच आहे! काहीतरी करा हो!"

"लेकीच्या लग्नात नाचायचं म्हणून मीबी अशीच गयावया केलती, साहेब." मिस्त्रींनी हसत विमान त्यांच्या हाती दिले. "न्या, उडवा. हे हाड न्हवं, पोलाद हाय."