चार महिन्यांचं शहर

सकाळपासूनचं हे सातवं चष्म्याचं दुकान. पाहुणीने दार ढकललं, तशी काउंटरमागे काच घासत बसलेल्या बाईने वर पाहिलं. तिच्या हातातली काच गळून पडली.

"खारू," पाहुणी म्हणाली, "माझ्या चष्म्याची दांडी सैल झालीय."

हॉस्टेलच्या एका खोलीत तीन वर्षं काढलेल्या या दोघी. एक बुटकी आणि सदा काहीतरी कुरतडणारी, म्हणून खारूताई. दुसरी ताडमाड, म्हणून उंटीण. पण आज खारू हसली नाही. आधी तिने पाहुणीच्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहिलं. एकटीच आलीस का, असं विचारलं. एकटीच, म्हटल्यावर पुन्हा विचारलं. मग चष्मा हातात घेतला. हॉस्टेलवर असतानाही अख्ख्या मजल्याचे चष्मे तीच दुरुस्त करायची. स्क्रू पहिल्या फटक्यात बसला.

पाहुणी म्हणाली, एका कामासाठी आले होते, सहाच्या गाडीने परत जायचंय, तोवर तुझं शहर तरी दाखव.

मालकीणबाई आतून सगळं ऐकत होत्या. त्यांनी बाहेर येऊन पाहुणीला नखशिखांत न्याहाळलं आणि खारूला अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली. मात्र पाचला दुकानात येऊन तोंड दाखवायचं.

"नाहीतर मी शोधायला निघेन," त्या म्हणाल्या. खारूला नव्हे, पाहुणीला.

चार महिन्यांपूर्वी खारू इथे उतरली, तेव्हा तिला काळं कुत्रंही विचारत नव्हतं. आता ती शहराची मालकीण असल्यासारखी पुढे चालत होती. ही माझी बँक. हे माझं वाचनालय, इथली खुर्चीसुद्धा ठरलेली आहे. हे मोठं घड्याळ वीस मिनिटं मागे आहे, पण ते सगळ्यांनाच माहीत असल्यामुळे कोणाचं काही अडत नाही. नदीवरच्या पुलाचं वय तिने जाताना शंभर सांगितलं आणि येताना दोनशे. पाहुणीने ते लक्षात आणून दिल्यावर ती म्हणाली, की आपण फार रमतगमत आलो.

पुलाच्या मध्यावर पाहुणीने फोन काढला. खारू झटकन बाजूला सरकली.

"पुलाचा काढ. माझा नको."

पाहुणीने फोन पर्समध्ये टाकला. पुलाचाही फोटो काढला नाही.

दुपारी एका छोट्या खानावळीत त्यांनी सूप आणि गरम पाव मागवला. खारू बोलत होती, पाव बुडवून खात होती, मध्येच खिडकीबाहेर बघत होती. पाहुणी तिच्याकडे बघतच राहिली. लग्नानंतर खारूला असं बसून जेवताना तिने पाहिलंच नव्हतं. उभ्याउभ्या चार घास गिळायचे आणि कान दाराशी. कधी पायरीवरून घसरले म्हणायची, कधी कपाटाचं दार लागलं म्हणायची. डावं मनगट अजूनही पुरतं वळत नव्हतं. ती कारणं तेव्हा पाहुणीला पटली होती. निदान पटवून घेणं सोयीचं होतं.

"घरी सगळे कसे आहेत?" खारूने विचारलं.

"आई गुडघ्यांनी हैराण आहे. बाकी तसंच."

"तसंच?"

"तसंच."

खारूने मान हलवली आणि पावाचा पुढचा तुकडा मोडला.

तिची खोली सायकल दुरुस्तीच्या दुकानावर होती. एक खाट, एक शेगडी, वाऱ्यावर फडफडणारा पिवळा पडदा. दाराला आतून तीन कड्या, तिन्ही नव्या कोऱ्या. पहिल्या महिन्यात तिन्ही लावून वर खुर्ची टेकवायचे, खारू म्हणाली. आता एकच लावते. खाली दिवसभर हातोडीची ठकठक चालते, आणि तिला त्या आवाजात गाढ झोप लागते.

पाहुणी खाटेच्या कडेला बसली.

"माझं चुकलं, खारू. ते स्थळ मीच सुचवलं होतं."

"तुला वाटलं, आपण दोघी जवळ राहू," खारू म्हणाली. "त्यात काय चूक?"

पाहुणीचे डोळे भरून आले. खारूने तिला पाणी दिलं, मग स्वतः घोटभर प्यायली. तिने खालमानेने सांगितलं, की आता इथून पुन्हा कुठे पळायची ताकद नाही. हे दुकान, ही खोली, हा वेडावाकडा पूल, एवढं पुरे आहे. पाहुणीने पाण्याचा पेला विसळून पालथा घातला.

पाचला दोघींनी मालकीणबाईंना तोंड दाखवलं. बाईंनी खारूकडे नीट पाहून घेतलं, तेव्हा कुठे त्या गल्ल्यामागे बसल्या.

स्टेशनवर गाडी लागलेली होती. खारूने धीर करून विचारलं, "पत्ता लिहून घेतलास?"

"नाही. मला मेलीला रस्ते कुठे लक्षात राहतात."

हॉस्टेलवर असताना अख्ख्या गावाचा नकाशा या उंटिणीला तोंडपाठ असे. खारू क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग हसली, दिवसभरात पहिल्यांदा, तोंडावर हात न ठेवता. दोघींनी एकमेकींना घट्ट धरलं. गाडी हलली तरी खारू प्लॅटफॉर्मवर हात हलवत उभी होती, आणि एकदाही तिने मागे वळून पाहिलं नाही.

शहर मागे पडलं. पाहुणीने पाय लांब केले. गेल्या चार महिन्यांत तिला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. खिडकीतून येणारा वारा तिने डोळे मिटून अंगावर घेतला, मग फोन लावला. तो पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"नाही दादा," ती थकलेल्या आवाजात म्हणाली, "वहिनी या शहरात नाही."