आवाज कमी आहे

"आणखी वाढवला, तर याला फोन म्हणायचं की भोंगा?" आवाजाचं काम बघणारा इंजिनिअर शेजारणीच्या कानाशी पुटपुटला. शेजारीण खरेदी विभागाची प्रमुख. तिनं हसू कागदाआड लपवलं.

टेबलाच्या टोकाला मोठे साहेब नवा फोन हातात घेऊन बसले होते. सव्वीस वर्षांपूर्वी रेडिओ दुरुस्तीच्या एका दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांनी ही मोबाइल कंपनी काढली. पहिला फोन साबणाच्या वडीएवढा जाड होता. तो त्यांनी आतल्या खोलीतून लावला आणि बाहेरच्या खोलीत सोल्डरिंग करत बसलेल्या पहिल्यावहिल्या कामगार बाईंनी तिथला फोन उचलला. तेव्हापासून रिवाजच पडला. नव्या मॉडेलचा पहिला कॉल साहेबांनी करायचा आणि तो त्याच बाईंनी घ्यायचा. आता त्या खालच्या जोडणी विभागाच्या प्रमुख होत्या आणि अख्ख्या कंपनीच्या मावशी. साहेब "पास" म्हणाले की मॉडेल बाजारात.

हे मॉडेल मात्र तीनदा परत गेलं होतं. तिन्ही वेळा साहेब हळूच म्हणाले होते, "आवाज कमी आहे." पूर्वीचे साहेब असते, तर खिडक्यांच्या काचा हादरल्या असत्या. आता ओरडणं नाही की जाब विचारणं नाही. वयानं निवळले, असं लोक म्हणायचे. मावशींच्या हाताखालच्या बायकांनी नऊशे फोन तीनदा उघडून स्पीकर बदलले होते. दुकानदार रोज विचारून डोकं खात होते. साहेब दुसऱ्या कंपनीचा फोन हातातही धरत नसत, त्यामुळे ताडून बघण्याचा प्रश्नच नव्हता.

साहेबांची मुलगी त्यांच्या शेजारी बसली होती. चार वर्षं सगळा कारभार तिच्याकडे होता. हा एक कॉल तेवढा बाबांचा. घरी टीव्हीचा आवाज फाटकापर्यंत जातो, हे तिला ठाऊक होतं. बाबा हल्ली बोलणाऱ्याच्या ओठांवर नजर ठेवून असतात, हेही. पण फोनच्या कंपनीत ज्याला फोनवर ऐकू येत नाही, त्याच्यापाशी उरतं काय? तोंडावर सांगणं म्हणजे त्यांच्या हातून त्यांची कंपनी काढून घेणं. म्हणून ती गप्प. ती गप्प, म्हणून सगळे गप्प.

साहेबांनी फोन कानाला लावला.

"ऐकू येतंय का, मावशी?"

"येतंय, दादा! एकदम खणखणीत!"

फोन कानाला घट्ट दाबलेला होता. तरी दाराशी पाण्याचे ग्लास मांडणारा शिपाईसुद्धा वळून बघू लागला.

साहेबांनी फोन दुसऱ्या कानाला लावून बघितला. मग नेहमीसारखंच हळू म्हणाले, "कमीच आहे हो. परत उघडावे लागतील."

आणि मग मावशींचा आवाज खोलीभर घुमला.

"दादा, हात जोडते तुम्हाला! फोनला काही धाड भरलेली नाही. कान गेलेत तुमचे, कान!"

इंजिनिअर छताकडे बघू लागला. खरेदीवालीनं पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. शिपायानं भरलेला ग्लास पुन्हा भरायला घेतला. साहेबांनी मुलीकडे पाहिलं.

"काय म्हणतेय ती?"

अशा वेळी काहीबाही सांगून वेळ मारून नेण्यात मुलगी वर्षभरात पटाईत झाली होती. आताही 'छान आहे म्हणतायत' अगदी जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं. खुर्ची वळवून ती त्यांच्या समोरासमोर झाली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली,

"बाबा, फोन चांगला आहे. चारही वेळा चांगलाच होता. तुम्हाला ऐकू येत नाही."

साहेबांनी फोन टेबलावर ठेवला.

"माझे कान?"

"तुमचेच."

त्यांनी टेबलाभोवतीच्या एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली. साहेबांचे खांदे सैल झाले आणि ते चक्क हसायला लागले.

"हात्तिच्या, कानच ना! आणि मी वर्षभर धसका घेऊन बसलोय, की आपल्या माणसांना फोन बनवणं जमेनासं झालंय आणि हे त्यांच्या तोंडावर सांगायचं कसं!"