मोराचा कप

रविवारी मालिनीबाईंनी गंगापूर रोडच्या बंगल्यात मुलांना जुन्या कपांवर ऑइलपेंटने चित्रं काढायला बसवलं. "धोंडाबाई, तुझ्या विशाखालाही बसव की," असं त्या आपणहून म्हणाल्या, तेव्हा भांडी घासता घासता धोंडाबाईचा ऊर भरून आला. निदान पोरीला तरी या घरात बरोबरीनं बसवलं होतं.

विशाखाचा मोर सगळ्यांत देखणा उतरला. "हा कप आता तुझाच हं," बाई म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाला देणार नाही."

रंग वाळल्यावर मुलांचे कप स्वयंपाकघरातल्या कपाटात गेले. विशाखा नाचतच मागच्या दारी आली.

"आई, माझा कप बाईंनी कुठं ठेवला, सांग बघू? न्हाणीच्या खिडकीत, तुझ्या कान तुटलेल्या कपाशेजारी!"