फिकट निळ्या पेशी

शनिवारी सकाळी आईने कप दोन्ही हातांनी उचलला, तरी अर्धा चहा बशीत सांडला.

"बशीतूनच पिते," ती म्हणाली. "लवकर निवतो."

मुलगी फडकं घेऊन आली. तिच्या खांद्याला बॅग होती.

"आज तरी सुट्टी ना गं?"

"पेशींना कुठली सुट्टी? दिवसाआड खायला घालावं लागतं."

"त्यापेक्षा दोन पोरं परवडली असती." आईचे शब्द हल्ली एकमेकांना चिकटून येत. "माझ्या कशा आहेत?"

"कुणाच्या कुठल्या, ते मोजणाऱ्याला कळू देत नाहीत. नुसते नंबर असतात."

"बरं. औषध लागू पडतंय ना पण?"

"पडतंय."

"मग झालं तर," म्हणत आईने बशी तोंडाला लावली.

प्रयोगशाळेत मुलगी एकटीच होती. आईसारख्या आजाऱ्यांच्या कातडीपासून तिथे मज्जापेशी वाढवत. या आजारात एका प्रथिनाची घडी नीट पडत नाही, ते पेशीत साचत जातं आणि पेशी मरते. नवं औषध घातल्यावर किती मेल्या, हे तिने मोजायचं. निळा रंग टाकला की मेलेली पेशी तो पिते. जिवंत पेशी त्याला आत येऊ देत नाही. अवघड जातात त्या फिकट निळ्या. नियम मात्र साफ होता. रंग आत शिरला, की मेली.

आईच्या दंडाची कातडी घेतली त्या दिवशी तीच सोबत होती. नर्सला डबीवर चौदा लिहिताना तिने पाहिलं होतं, आणि ते कुणाला सांगितलं नव्हतं.

चौदा नंबर भिंगाखाली आला. फिकट निळ्या बऱ्याच होत्या. तिने डोळे चोळले आणि त्या जिवंतांच्या रकान्यात लिहिल्या. गेले पाच महिने लिहीत होती तशाच.

रविवारी दुपारी आईचा श्वास थांबला.

दहा दिवसांनी ती कामावर आली.

"इतक्यात कशाला आलीस गं?" प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी तिच्यासाठी खुर्ची ओढली.

"घरी बसून काय करू?"

मॅडमनी एक अर्ज पुढे सरकवला. "रुग्णांना औषध देऊन बघायची परवानगी मागतेय. बाकीच्यांत फरक थोडाच आहे, पण चौदा नंबरने तोलून धरलं. मोजणी तुझी, तेव्हा इथे सही लागेल."

तिने अर्ज वाचला. सही झाली की या आकड्यांच्या भरवशावर माणसं दारात येऊन उभी राहणार होती, कुबड्या घेऊन, कुणाचा तरी हात धरून. आई असती तर सगळ्यांच्या पुढे असती.

तिने पेन उघडलं. पुन्हा टोपण लावलं.

"मॅडम, चौदा नंबर माझी आई होती. मला पहिल्यापासून माहीत होतं." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त थकलेला. "फिकट निळ्या मी जिवंत धरल्या."

मॅडमनी चष्मा काढला. "किती?"

"सगळ्या," ती म्हणाली. "एकही मेली म्हणून लिहवेना."