किल्ली कुणाकडे

"ती बाहेर ठेव," रुला म्हणाली. "बंदूक घेऊन आत जाता येत नाही."

दारात उभ्या शिपायाच्या खांद्याला रायफल लटकत होती. इस्रायलमधल्या हैफात त्याचं कुणाला काही वाटत नाही. सुट्टीवर आलेली पोरं बंदुकीसकट बसमध्ये चढतात, आइस्क्रीमच्या रांगेत उभी राहतात आणि नळी कुणाच्या बरगडीत घुसली तर सॉरी म्हणतात, झालं. पण एमआरआयच्या खोलीत बंदुकीला थारा नाही. तिथलं चुंबक चोवीस तास जागं असतं. लोखंड दिसलं की खेचतं, मग वाटेत माणूस असो नाहीतर भिंत.

"मला सोडता येत नाही ताई," शिपाई म्हणाला. नाव एलाद, वय वीस. "बेवारशी सोडली तर तुरुंगात टाकतात."

"मग सोबत कुणाला आणायचं नाही का? सगळे आणतात."

"मित्र येणार होता. त्याला ऐनवेळी तळावर थांबवून घेतलं."

शुक्रवारची दुपार. संध्याकाळी शब्बाथची, म्हणजे ज्यूंची आठवड्याची सुट्टी लागते, म्हणून रिसेप्शनवरची बाई स्वयंपाक उरकायला एक वाजताच पळाली होती. खालच्या पहारेकऱ्याला एलादनं विचारून झालं होतं. तो म्हणाला, मला एकाच बंदुकीचा पगार मिळतो. उरले होते बाकावरचे झेलिगकाका, ऐंशीच्या पुढचे, आपल्या गुडघ्याच्या रिपोर्टची वाट बघत बसलेले. आणि रुला.

रुलानं भिंतीतलं लोखंडी कपाट उघडून दिलं. एलादनं बंदूक आत उभी केली, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

"किल्ली पण चालत नाही," रुला म्हणाली. "इकडे दे."

त्यानं हात पुढे केला. मग त्याची नजर तिच्या बिल्ल्यावर गेली. रुला खूरी, वर हिब्रूत, खाली अरबीत. हात तिथल्या तिथे थांबला.

"दुसरं कुणी नाही का?"

"दुसरं म्हणजे?"

"म्हणजे... तसं नाही ताई. नियम आहे."

"कसला नियम? सांग ना. ऐकू तर दे."

त्याचे कान लाल झाले. रुलाचं डोकं सणकलं होतं. एकवीस वर्षं ती या मजल्यावर एमआरआय काढत होती. अर्ध्या शहराची डोकी आणि मणके तिनं आतून पाहिले होते, आणि हा कालचा पोरगा तिला अरब म्हणून एक किल्ली द्यायला कचरत होता. चल, घरी जा, असं तिला सहज म्हणता आलं असतं. पुढची तारीख तीन महिन्यांनी मिळाली असती. पण डॉक्टरांची चिठ्ठी तिनं वाचली होती. हा स्फोटाच्या जवळ होता, तेव्हापासून याला एकाचे दोन दिसत होते, आणि डाव्या डोळ्याची नजर आठवड्यागणिक उतरत होती. तीन महिन्यांनी तपासायला तो डोळा उरला असता की नाही कोण जाणे. अशा वेळी माणसाला धड चिडताही येत नाही, आणि त्याचीच जास्त चीड येते.

एलादनं कपाट पुन्हा उघडलं. बंदूक बाहेर काढली आणि नेऊन झेलिगकाकांच्या मांडीवर आडवी ठेवली. गोळ्यांची मॅगझीन त्यांच्याच कोटाच्या खिशात घातली.

"आजोबा, अर्धा तास धराल?"

"तू मला ओळखतोस?" झेलिगकाकांनी विचारलं.

"नाही."

"नाव माहीत आहे माझं?"

"नाही आजोबा."

"मग?"

एलाद वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागला. झेलिगकाकांनी रुलाकडे बोट केलं.

"हिला मी नऊ वर्षं ओळखतो. माझ्या बायकोला हिनं पाच वेळा त्या भोकात घातलं आणि पाचही वेळा हात धरून बाहेर काढलं. गाढवा, किल्ली तिला दे."

"काका, धरा ती," रुला म्हणाली. "माझा वेळ चाललाय."

तिला कुणाची शिफारस नको होती.

एलादनं आतल्या बाजूला गाऊन चढवला. पाकीट, फोन, बूट, पट्टा सगळं कपाटात गेलं. त्या कुलपाची किल्ली मात्र त्यानं मुकाट्यानं रुलाच्या हातात दिली.

यंत्र ठोके मारायला लागलं. रुला काचेमागे पडद्यावर नजर लावून बसली. पंधरा मिनिटांनी तिनं सहज मागे वळून बाहेर पाहिलं. झेलिगकाकांची मान छातीवर पडली होती. ते चक्क घोरत होते. बंदूक मांडीवरून अर्धी घसरली होती आणि जिन्याचं दार सताड उघडं होतं. म्हणजे बंदुकीवर लक्ष ठेवायला आता या मजल्यावर जागं असं एकच माणूस उरलं होतं. रुला उठली, जिन्याच्या दाराला आतून कडी घातली आणि परत येऊन बसली. बंदुकीला तिनं बोटही लावलं नाही.

मग ठोके थांबले. रुला इंजेक्शन घेऊन आत गेली. एलादचं डोकं यंत्राच्या पिंजऱ्यात अडकवलेलं होतं, त्याला फक्त छत दिसत होतं.

"ताई, तुम्हीच ना?"

"मीच. शिरेत औषध द्यायचंय, म्हणजे पुढचे फोटो स्पष्ट येतील."

हात त्यानं आधीच उताणा करून ठेवला होता, कोपरापर्यंत उघडा.

"काय औषध ते विचारणार नाहीस?"

"कशाला?" तो डोळे मिटून म्हणाला. "तुम्हाला माहीत असेल ना."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर तिला उत्तर देता आलं असतं. रुलानं त्याचा दंड आवळला आणि शीर चाचपली. सुई पहिल्याच खेपेला बिनचूक बसली, आणि आपला हात इतका सरळ चालला याचाही तिला राग आला.